विजेच्या गाडीचें पुण्य

गेल्या वर्षीं आम्हीं आमची जुनी पेट्रोलची मोटार विकून विजेवर चालणारी नवी मोटार घेतली. वस्तु नवी असली म्हणजे भेटेल त्याच्यापुढें तिचे गुण गाण्याची इच्छा होते, आणि या नियमास आम्हीही अपवाद ठरलों नाहीं. परंतु आपलेंच बोलणें आपण थोडें लक्ष देऊन ऐकूं लागलों, तेव्हां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. पूर्वीं पंखा घेतला, घड्याळ घेतलें, फ्रीज घेतला, त्या वेळीं किंमत, टिकाऊपणा आणि सोय यांपलीकडे आम्ही बोलत नसूं. या मोटारीविषयीं बोलतांना मात्र आमच्या बोलण्यांत निराळाच स्वर येई. काशीयात्रा करून नुकत्याच परतलेल्या गृहस्थाचा तो स्वर होता. आमच्या गाडीला धूर नाहीं, हें सांगतांना ऐकणाऱ्याच्या गाडीला तो आहे, हें न बोलतां सुचविलें जाई.

हा स्वर कोठून आला असावा, याचा विचार करूं लागलों असतां असें दिसलें कीं, मोटारीबरोबर आम्हीं आणखीही कांहीं विकत घेतलें होतें, पण त्याची पावती मात्र आमच्या हातीं आली नव्हती. तें दुसरें कांहीं म्हणजे निर्दोषपणा. आपण आतां हवा बिघडविणाऱ्यांतले राहिलों नाहीं, हें समाधान गाडीच्या किंमतींतच धरलेलें होतें. निर्दोषपणा असा विकत मिळतो काय? आणि आपल्या हातून होणारें नुकसान आपल्या डोळ्यांआड गेलें म्हणजे तें आपल्या खात्यावरूनही उतरलें, असें समजावयाचें काय? प्रश्न जुनाच आहे. एका क्षुल्लक प्रसंगानें तो आमच्या दारापर्यंत आणला नसता, तर आम्हीही त्याचें एकादें व्याख्यान करून त्याला निरोप दिला असता.

आमची सोसायटी पुण्याच्या एका उपनगरांत आहे. तीन इमारती, मध्यें थोडें आंगण, फाटकाशीं रखवालदाराची खोली आणि इमारतींखालीं मोटारी ठेवण्याच्या आंखलेल्या जागा. ज्याचा स्वतःचा बंगला आहे त्याला मोटार चार्ज कोठें करावी हा प्रश्न पडत नाहीं; सहकारी घरांत राहणाऱ्याला मात्र भिंत सर्वांची, तार सर्वांची, मीटरची खोली सर्वांची आणि मोटार तेवढी एकट्याची, असा पेंच पडतो. आम्हीं अर्ज केला. समितीनें शंका काढल्या : भार वाढेल, आग लागेल, उद्यां सर्वांनींच मागितलें तर काय करावयाचें? शंका अगदींच पोरकट नव्हत्या. जुन्या इमारतीला मिळालेली वीज ही दिवे, पंखे व मिक्सर यांच्या हिशोबानें मिळालेली असते, आणि सात किलोवॅटचा एक चार्जर म्हणजे एकाच वेळीं चालू केलेले तीन-चार गीझर. तरीही आम्ही चार महिने भांडलों. 2024 च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें वीजग्राहकांच्या हक्कांविषयींच्या नियमांत दुरुस्ती करून वाहन चार्ज करण्यासाठीं स्वतंत्र जोडणी मागण्याचा अधिकार ग्राहकास दिला आहे. ती दुरुस्ती आम्हीं सभेंत वाचून दाखविली. अधिकार, समता, भावी पिढ्या, हवेची शुद्धता हे जे शब्द शिक्षकाच्या तोंडीं सहज बसलेले असतात ते सर्व आम्हीं कामीं लावले, आणि अखेर जिंकलों. आमच्या जागेजवळ भिंतीवर चार्जर बसला, त्याला स्वतंत्र मीटर मिळाला. इतकेंच नव्हे, तर एवढें चांगलें बोलतां येतें म्हणून पुढच्या निवडणुकींत आम्हांला समितींतही घेण्यांत आलें.

समितींत गेल्यावर दुसऱ्याच महिन्यांत एका सभासदानें तक्रार आणली. रात्रपाळीच्या रखवालदारानें हप्त्यांवर विजेची एक जुनी स्कूटर घेतली होती, आणि पंपाच्या खोलीजवळ जो सामाईक प्लग आहे त्याला तो ती रात्रीं लावून ठेवी. हा मनुष्य बारा-तेरा किलोमीटरांवरून येतो. स्कूटर पूर्ण चार्ज होण्यास तीन-साडेतीन युनिटें लागतात; महिन्याकांठीं तो हिशोब तीनशें रुपयांच्या आंतच राहत असेल. परंतु रकमेचा प्रश्न नसून तत्त्वाचा आहे, असें एक सभासद म्हणाले, आणि रकमेचा प्रश्न नसून तत्त्वाचा आहे असें कोणी म्हणालें कीं विरोध करणें अवघड होऊन बसतें. सामाईक विजेवर खासगी वाहनें चार्ज करूं नयेत, असा ठराव एकमतानें झाला. तो तत्त्वतः निर्दोष होता. पाटी लिहून पंपाच्या खोलीच्या दारावर लावण्यांत आली. समितीच्या वतीनें सही कोणी करावी असा प्रश्न निघाला, तेव्हां या विषयांतले जाणते म्हणून कागद आमच्यापुढें सरकविण्यांत आला, आणि आम्हीं सही केली.

पुढें दोनएक महिन्यांनीं एका पहांटे आम्ही फिरावयास निघालों असतां फाटकाशीं धुराचा वास आला. रखवालदार पाळी संपवून घरीं निघाला होता आणि एक जुनी पेट्रोलची स्कूटर लाथेनें चालू करण्याच्या खटपटींत होता. विजेची गाडी कोठें गेली, असें आम्हीं सहज विचारलें.

"दिली, सर," तो म्हणाला. "आमच्या चाळीत चार्जिंगला जागा नाही. खालच्या दुकानदाराकडे लावायचो, पण तो एका वेळचे पन्नास रुपये मागायला लागला. परवडेना."

त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. तो घाईंत होता. पाटीवरील सही कोणाची, हें त्याला ठाऊक होतें कीं नाहीं, आम्हीं विचारलें नाहीं. स्कूटर चालू झाली, धुराचा एक लोट आमच्या अंगावरून गेला, आणि आमच्या मनांत प्रथम जो विचार आला तो सांगण्यास लाज वाटते, पण सांगितला पाहिजे : पहांटेची एवढी चांगली हवा या मनुष्यानें बिघडविली, असा तो विचार होता. तो धूर आमच्याच सहीचा आहे, हें समजण्यास घरापर्यंत परत यावें लागलें.

त्या दिवशीं आम्ही हिशोब मांडून बसलों. गणित हा आमचा विषय नव्हे. पण हें गणित चौथीच्या मुलालाही जमेल असें आहे. आमची मोटार शंभर किलोमीटरांस सुमारें पंधरा युनिटें घेते. बॅटरी ही कांहीं विजेची खाण नव्हे, ती एक हौद आहे. जें ओतावें तेंच तींतून निघतें, आणि ओततांना कांहीं सांडतेंही. तेव्हां पाणी कोठल्या विहिरीचें, हा खरा प्रश्न. विजेला गोत्र नसतें. एकदां ती तारांच्या जाळ्यांत शिरली कीं ही चंद्रपूरची आणि ही कोयनेची असें निवडून काढतां येत नाहीं. म्हणून सरासरीच धरावी लागते. 2023-24 सालीं देशांत निर्माण झालेल्या विजेपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश वीज कोळशावर झाली, आणि सर्व प्रकारची वीज एकत्र धरली तर एका युनिटामागें साधारण सातशें ग्रॅम कर्बवायु हवेंत जातो. म्हणजे आमच्या निर्धूम मोटारीच्या शंभर किलोमीटरांमागें दहा-बारा किलो. जुन्या मोटारीला तेवढ्याच अंतरास साडेसहा-सात लिटर पेट्रोल लागे, आणि एका लिटरापासून सव्वादोन किलोंच्या वर कर्बवायु होतो. म्हणजे पंधरा किलो. आम्ही जिंकलों हें खरें, पण तीर्थयात्रेचा स्वर काढण्याजोगा हा विजय नव्हे.

रखवालदाराचा हिशोब मात्र आम्हांला अपेक्षित नव्हता. त्याची विजेची स्कूटर शंभर किलोमीटरांस तीन युनिटें, म्हणजे दोन किलोंच्या आसपास कर्बवायु. तिच्या जागीं आलेली पेट्रोलची स्कूटर तेवढ्याच अंतराला पांच किलो. आम्हीं आमच्या परीनें जो लाभ मिळविला, तो चौथाईचा किंवा तिहाईचा. त्यानें मिळविलेला लाभ निम्म्याहून अधिक होता, आणि तो आम्हीं एका सहीनें काढून घेतला. याहून मौजेची गोष्ट अशी कीं, पहांटेची हवा बिघडविणारी ती खटारा स्कूटरदेखील आमच्या पुण्यवान मोटारीच्या निम्म्याएवढाच कर्बवायु सोडते. फरक इतकाच कीं, तिचा धूर तिच्या मागोमाग चालतो आणि आमचा धूर दुसऱ्या गांवीं राहतो.

हें दुसरें गांव कोणतें? महाराष्ट्रांतील सर्वांत मोठ्या औष्णिक केंद्रांपैकीं एक चंद्रपूरचें. त्याची शक्ति 2,920 मेगावॅट आहे. भोंवतीं कोळशाच्या खाणी, कोळशाच्या वाघिणी, आणि जळून उरलेल्या राखेचे तलाव. 2009 सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी तयार केली, तींत चंद्रपूरचें नांव होतें. नागपूरजवळच्या कोराडी केंद्राच्या राखेचा तलाव खसाळा गांवाजवळ आहे. 2022 च्या जुलैंत त्याचा बांध फुटून राखेचा चिखल आसपासच्या शेतांत व वस्तींत शिरला. पुण्यांतील एकाद्या प्राध्यापकानें मोटार रात्रीं प्लगला लावली म्हणून बांध फुटला, असें कोणी म्हणणार नाहीं, आणि आम्हीही म्हणत नाहीं. परंतु त्या शेतांतल्या मनुष्याला आमच्या गाडीची निर्धूमता समजावून सांगण्याचें काम आमच्यावर आलें, तर आम्ही कोणत्या शब्दांनीं सुरुवात करूं, हें अद्यापि आम्हांला सुचलेलें नाहीं.

आमचे एक स्नेही अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांना हें सर्व सांगितलें तेव्हां ते हंसले. त्यांचें म्हणणें असें कीं, तुम्ही विनाकारण स्वतःस टोंचून घेतां. दाट वस्तींतून, शाळांच्या दारांवरून, सिग्नलपाशीं अडकलेल्या हजारों गाड्यांच्या शेपटांतून निघणारा धूर लहान मुलांच्या नाकातोंडांत जातो. तो एका उंच धुराड्यांतून निघाला तर त्याला गाळतां येतें, मोजतां येतें, कायद्यानें आंवरतां येतें. शिवाय पेट्रोलची मोटार जन्मतः जेवढी धुरकट असते तेवढी मरेपर्यंत राहते, किंबहुना वयोमानानें अधिकच होते. विजेची मोटार मात्र तिला पाजावयाची वीज जसजशी स्वच्छ होत जाईल तसतशी आपोआप स्वच्छ होत जाईल. एंजिनांत जळलेल्या पेट्रोलपैकीं चतुर्थांशाच्या आसपासच शक्ति चाकांपर्यंत पोंचते, बाकीची उष्णता होऊन जाते. विजेच्या मोटरीचें तसें नाहीं. एकूण सुखाची बेरीज वाढते कीं नाहीं, एवढेंच पाहावें. मिल्ल यांनीं दुसरें काय सांगितलें आहे?

या युक्तिवादांतील एकही विधान आम्हांला खोडतां येत नाहीं, आणि खोडावयाचेंही नाहीं. गाडी बदलली तें बरेंच केलें, असें आम्ही आजही म्हणतों. ही कांहीं कालपरवांची कल्पनाही नव्हे. 1899 सालीं ताशीं शंभर किलोमीटरांचा वेग मोटारीनें प्रथम ओलांडला तो बेल्जमच्या जेनात्झी यांच्या विजेच्या मोटारीनें, आणि हेन्री फोर्ड यांच्या पत्नी पतीच्या कारखान्यांतील पेट्रोलची गाडी सोडून विजेची गाडी चालवीत. पेट्रोल स्वस्त झालें आणि दांडा फिरविण्याचा त्रास गेला, तेव्हां ती मागें पडली. ती आज परत आली, इतकेंच. परंतु आमचा प्रश्न गाडी चांगली कीं वाईट हा नव्हताच. बेरीज वाढली म्हणजे बेरजेंतील एकेका आंकड्याचें देणें फिटलें, असें होतें काय, हा प्रश्न होता. ज्याला लाभ झाला तो एक आणि ज्यानें राख गिळली तो दुसरा असेल, तर दोघांची बेरीज करणारा तिसरा कोण? बेरीज करणारा नेहमीं लाभाच्या बाजूसच उभा असलेला आढळतो.

या ठिकाणीं आम्हांला मुळशीची आठवण होते. आणि ती आम्हांला टाळतांही येत नाहीं, कारण नव्या मोटारीची पहिली सहल आम्हीं मुळशीच्या तलावावरच काढली होती. पावसाचे दिवस होते. तलावाकांठीं उभे राहून भाजलेलीं कणसें खाल्लीं, छायाचित्रें काढलीं, आणि गाडींत अद्यापि साठ टक्के वीज शिल्लक आहे हें पाहून संतोष मानला. त्या पाण्याखालीं काय आहे, हें आमच्या पिढीला ठाऊक नाहीं असें नाहीं. फक्त कणीस खातांना तें आठवत नाहीं. मुंबईच्या गिरण्यांना व आगगाड्यांना वीज पाहिजे होती. 3 फेब्रुवारी 1925 रोजीं मुंबईहून कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धांवली, आणि 1930 च्या जूनमध्यें मुंबई-पुणें डेक्कन क्वीन सुरू झाली. धुराच्या एंजिनाला कंटाळलेल्या उतारूंस तें केवढें सुख वाटलें असेल, याची कल्पना सहज करतां येते. या विजेसाठीं टाटांच्या कंपनीनें सह्याद्रींत जी धरणें बांधलीं त्यांतील एक मुळशीचें. मावळ्यांचीं भाताचीं खाचरें व गांवें बुडणार म्हणून 1921 सालीं तेथें सत्याग्रह झाला. सेनापति बापट आणि त्यांचे सहकारी तुरुंगांत गेले. धरण झालें. 1927 सालीं भिरा येथील केंद्र चालूं लागलें, आणि तें आजही चालतें.

त्या लढ्यांतील एक तपशील पुण्याच्या वाचकांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. बुडणाऱ्या जमिनींवर पुण्यांतील सावकारांचे हक्क होते, आणि मोबदला घेऊन मोकळें होण्यास त्यांतील पुष्कळ जण तयार होते. मावळ्याला मोबदला नको होता, जमीन पाहिजे होती. गांवाला धूर नको, शहराला वीज पाहिजे, आणि मधल्या माणसाला रोख रक्कम पुरे, असा तो व्यवहार होता. शंभर वर्षांपूर्वींच्या या उतारूंना आपण दोष द्यावा काय? ते निर्धूम गाडींत बसले, याहून त्यांनीं अधिक कांहीं केलें नव्हतें. नेमका हाच आमचाही बचाव आहे.

मग यांतून सुटका काय? मोटारच सोडावी, दिवे मालवावे, आणि वनांत जाऊन राहावें, असें सांगणारे लेख आम्हीं पुष्कळ वाचले आहेत. बहुधा ते विजेच्या दिव्याखालींच लिहिलेले असतात. सूर्याची वीज घ्या म्हणजे सर्व दोष जातात, असेंही सांगितलें जातें. ती आम्हांला हवीच आहे. पण राजस्थानांतील व कच्छांतील सौरक्षेत्रांच्या तारांवर आदळून माळढोक पक्षी मरूं लागले आणि 2019 सालीं तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हें स्मरणांत असूं द्यावें. बॅटरीचेंही तसेंच. आमच्या गाडीच्या बॅटरींत कोबाल्ट नाहीं, म्हणून काँगोंतील खाणींत हातानें माती उकरणाऱ्या मुलांचा प्रश्न आमच्यापुरता तरी सुटला, असें विक्रेत्यानें आश्वासन दिलें. पण तींत लिथियम आहेच, आणि जगांतील लिथियमचा मोठा भाग चिलीच्या अटाकामासारख्या रखरखीत वाळवंटांतील खारें पाणी उपसून काढला जातो. एका दारानें बाहेर काढलेला दोष दुसऱ्या दारानें आंत येतो. अजिबात दोष न लागतां जगण्याची युक्ति अद्यापि निघालेली नाहीं.

आमच्या जुन्या धर्मशास्त्रकारांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत गृहस्थाच्या पांच सूना सांगितल्या आहेत. सूना म्हणजे वधस्थान, खाटिकखाना. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा, या पांच ठिकाणीं कितीही जपलें तरी गृहस्थाच्या हातून जीवहिंसा होतेच. मनूच्या सर्व आज्ञांचा कैवार घेण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. माणसामाणसांत त्यानें जो उच्चनीचभाव मांडला तो आम्हांस मान्य नाहीं. परंतु या एका विचाराची मार्मिकता नाकारतां येत नाहीं. चूल ही खाटिकखाना आहे म्हणून स्वयंपाक बंद करा, असें तो सांगत नाहीं. अमुक प्रकारची चूल घेतली म्हणजे तुम्ही पापांतून सुटलां, असेंही सांगत नाहीं. तो म्हणतो कीं, हें देणें रोज चढतें, म्हणून तें रोज फेडा. आणि फेडण्याचे जे पांच यज्ञ त्यानें सांगितले त्यांत एक भूतांना अन्न देण्याचा आहे आणि एक दारीं आलेल्या मनुष्याचा आहे. हिंसा घरांत होते आणि फेड दाराबाहेर करावी लागते.

विजेचा प्लग ही आमच्या घरांतली सहावी सूना आहे, असें आम्हांला वाटूं लागलें आहे. आणि असें पाहिलें म्हणजे पहिल्यापासून आमची चूक कोठें झाली तेंही दिसूं लागतें. आम्ही गाडीच्या खरेदीकडे पाहत होतों. खरेदी दहा-पंधरा वर्षांतून एकदांच होते. तिचा समारंभ होतो, पेढे वांटले जातात, चाकांखालीं लिंबें ठेवलीं जातात. चार्जिंग मात्र रोजचें आहे, आणि त्याला कोणी पेढे वांटीत नाहीं. चूल मांडणें हें पुण्य नव्हे किंवा पापही नव्हे. तिच्यावर रोज काय शिजतें आणि कोणाच्या पानांत पडतें, यावर तें ठरावयाचें. तसेंच येथें. गाडी केव्हां चार्ज करतों, किती करतों, आणि त्या प्लगापाशीं दुसऱ्या कोणाला उभें राहूं देतों, यांतच या प्रश्नाचा सर्व नैतिक अंश आहे.

आतां केव्हां करतों, तें पाहा. आमची मोटार सकाळीं दहापासून पांचपर्यंत महाविद्यालयाच्या आवारांत कडक उन्हांत तापत उभी असते. त्याच वेळीं देशभर सूर्याची वीज भरपूर असते. कधीं कधीं तर ती घेण्यास कोणी नसल्यामुळें सौरकेंद्रांना उत्पादन कमी करण्यास सांगावें लागतें. सायंकाळीं सात वाजतां आम्ही घरीं येतों, दिवे लागतात, पंखे व वातानुकूलक चालू होतात, सूर्य मावळलेला असतो, आणि नेमकी त्याच घटकेस आम्ही गाडी भिंतीला लावून वर चहा घ्यावयास जातों. त्या वेळची वाढती मागणी भागविण्यासाठीं कोळशाच्या भट्ट्या अधिक पेटवाव्या लागतात, कोयनेचें पाणी बोगद्यांत सोडावें लागतें. आणि कोयनेखालीं गांवें गेलेल्या माणसांपैकीं कित्येकांचें पुनर्वसन पिढ्यान् पिढ्या रखडलें, हा इतिहास निराळा. म्हणजे आमच्या सोयीची वेळ तीच इतरांच्या अडचणीची. केंद्र सरकारनें 2023 सालीं नियमांत बदल करून दिवसाची वीज स्वस्त व संध्याकाळची महाग ठेवण्याचें धोरण आंखलें, त्याचें मर्म हेंच आहे. पण दराचा चाबूक बसण्याची वाट पाहावी, असें कांहीं नाहीं. चार्जरला घड्याळ असतें. शनिवार-रविवार आम्ही घरींच असतों. आठवड्याच्या आमच्या फेऱ्यांना त्या दोन दुपारचें चार्जिंग जवळजवळ पुरतें, हें आम्हीं आतां करून पाहिलें आहे. उरलेल्यासाठीं महाविद्यालयाच्या आवारांत दिवसा एकदोन प्लग मिळावे, म्हणून अर्ज दिला आहे. तो विचाराधीन आहे. महाविद्यालयांत आमचीं तीस वर्षें गेलीं असल्यामुळें विचाराधीन या शब्दाचा अर्थ आम्हांला कळतो.

किती करतों, याविषयीं लिहिण्यासारखें थोडेंच आहे. 2022 च्या 1 जूनला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरला, एस. टी. ची पहिली विजेची गाडी 'शिवाई' निघाली. 1948 सालीं त्याच तारखेस त्याच रस्त्यावर एस. टी. ची पहिली गाडी धांवली होती. पुण्याच्या शहरी बसगाड्यांतही 2019 पासून विजेच्या गाड्या आहेत. आमच्या घरापासून महाविद्यालयाच्या चौकापर्यंत त्यांतील एक जाते. तींत आठवड्यांतून दोन दिवस बसण्याचा आम्हीं निश्चय केला, आणि खरें सांगावयाचें तर तो सरासरी एक दिवसच पाळला जातो.

राहतां राहिला तिसरा भाग, आणि तोच आम्हांस कठीण गेला. गेल्या महिन्यांत सर्वसाधारण सभा झाली. आम्हीं ठराव मांडला कीं, फाटकाशीं एक प्लग बसवावा, त्याला लहानसा मीटर असावा, आणि रखवालदार, घरकाम करणाऱ्या बाया, जिने झाडणारे, ज्या कोणाची विजेची गाडी असेल त्यांना ती तेथें सोसायटीच्या दरानें चार्ज करूं द्यावी. चार महिने भांडून स्वतःसाठीं जोडणी मिळविली तेव्हां आमची वाणी जशी चालली होती तशी ती या वेळीं चालेना. भावी पिढ्या हा शब्द एकदां तोंडांत आला, पण तो आम्हीं गिळला. एका सभासदानें विचारलें, "मीटरचा खर्च कोण देणार?" आम्ही म्हणालों, आम्ही देऊं. दुसरे म्हणाले, "सर, प्रश्न पैशाचा नाही. आज वॉचमन, उद्या पार्सलवाला येईल, परवा दूधवाला येईल. मग काय, चार्जिंग स्टेशन काढायचं?" हा प्रश्न आम्हीं स्वतःच समितींत पूर्वीं विचारला होता, आणि त्या वेळीं तो आम्हांला फार समर्पक वाटला होता. तिसऱ्या एका बाई, ज्या सहसा बोलत नाहींत, त्या म्हणाल्या कीं, पाण्याचा माठ फाटकाशीं ठेवला तेव्हांही असेंच कोणी म्हणालें होतें. यावर थोडें हंसें झालें. मग वेळ संपत आली होती, छताच्या गळतीचा विषय राहिला होता, म्हणून आमचा ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यांत आला.

सभा आटोपल्यावर आम्हीं रखवालदाराला गांठलें आणि पाटीवर आमची सही होती हें त्याला सांगितलें. त्याला तें ठाऊक होतें. पुढील सभेंत ठराव झाला तर विजेची गाडी पुन्हां घ्याल काय, असें आम्हीं विचारलें, तेव्हां तो जरा घुटमळला. जुन्या गाडीचे हप्ते अजून चालूच आहेत, तो म्हणाला. ती विकली तेव्हां पुरते पैसे आले नव्हते. मग फाटकाशीं एक मोटार आली, आणि तो दार उघडण्यासाठीं गेला.